सहाशे मीटर, बसल्या जागी

आमच्या शाळेत मुलं दोनच कारणांनी धावायची. एक, उशीर झाला म्हणून गेटपर्यंत. आणि दुसरं, उशीर झालाच म्हणून मी फेऱ्या मारायला लावायचे तेव्हा गेटपासून पुढे. तिसरं कारण शासनाकडे होतं. ते दर जूनमध्ये परिपत्रकातून यायचं: सर्वांगीण विकास, सुदृढ पिढी, रोज एक तास मैदानावर. ते परिपत्रक मी नोटीस बोर्डावर टाचणीनं लावायचे आणि त्याच्याच खाली उभी राहून आठवीच्या वर्गाला सांगायचे, "आजचा पीटीचा तास गणिताच्या बाईंना दिलाय. चला, आत."

डोंबिवलीतल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी तीस वर्षं खेळाची शिक्षिका होते. मुलं तोंडावर मोकाशीबाई म्हणायची, पाठीमागे ‘शिट्टी’. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. या अंकाच्या संपादकांनी खेळाच्या तासाच्या गमतीजमती लिहा म्हणून गळ घातली. गमती पोत्यानं आहेत. पण मला जे लिहायचंय ते गमतीचं नाही, आणि सरळ तिथे जायचा धीर होत नाही म्हणून आधी थोड्या गमतीच सांगते.

बाहेरच्यांना वाटतं, खेळाची शिक्षिका म्हणजे खेळ शिकवत असेल. प्रार्थनेचा माईक, सहलीच्या बस, पाहुण्यांचे हारतुरे, मतदारयाद्या, शौचालयाबाहेरची रांग, खिचडीची चव आणि गॅदरिंगच्या मांडववाल्याशी भांडण, एवढं सगळं आटोपल्यावर वेळ उरला तर खेळ. तो उरायचा नाही. पीटीचा तास म्हणजे शाळेचा राखीव साठा. विज्ञानाचा पोर्शन राहिला, काढा पीटीचा तास. इंग्रजीच्या बाई बाळंतपणाला गेल्या, आहेच पीटीचा तास. तीस वर्षांत एकाही शिक्षकानं मला गणिताचा तास आणून दिला नाही, की बाई, मुलं फार बसून राहिलीत, जरा पळवा.

आणि पळवायची कुठे? शाळेला मान्यता हवी तर मैदान लागतं. डोंबिवलीत मैदान म्हणजे ज्या जागेवर अजून टॉवरची पाटी लागली नाही ती जागा. आमच्याकडे होतं ते अंगण. एका बाजूला शिक्षकांच्या स्कूटर, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी. एक फेरी साठ मीटरची, तीही मुख्याध्यापक पाटणकर सरांनी गाडी तिरकी लावली नसेल तर.

कागदावर मात्र आम्हाला मोठं मैदान होतं. दोन किलोमीटरवर एका ट्रस्टचं. तेच मैदान आणखी दोन शाळांच्या कागदावरही होतं. तपासणीला साहेब यायचे तेव्हा मैदानाच्या फाटकावर आमच्या शाळेची पाटी तारेच्या आकड्यांनी अडकवायची, साहेब गेले की काढायची. एका वर्षी तिन्ही शाळांची तपासणी एकाच सकाळी आली. आमची पाटी काढून मी रिक्षात ठेवते आहे तोवर दुसऱ्या शाळेचे सर त्यांची पाटी घेऊन हजर. साहेब तेच, जीपही तीच. त्यांनी नुसता फाटकाला वळसा घातला आणि दुसऱ्या शाळेचं मैदान तपासायला पुन्हा आत शिरले. शेऱ्यात लिहिलं, "तिन्ही शाळांची मैदाने उत्तम स्थितीत आढळली."

खेळाचं साहित्यही यायचं, नाही असं नाही. एकदा हॉकीच्या गोलरक्षकाचे पायाला बांधायचे जाडजूड पॅड आले, चार जोड. स्टिका नव्हत्या, चेंडू नव्हता, गोल तर सोडाच. आम्ही ते बालवाडीला दिले. मुलं दुपारी त्यावर डोकं ठेवून गाढ झोपायची. त्या योजनेचा लाभार्थी कोणी विचारला तर मी छातीठोकपणे सांगू शकते.

पालकांचा एक नमुना सांगते, मग मुद्द्याला येते. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात हे आपल्याकडे खेळ मेला तरी लोक विसरणार नाहीत. एक गृहस्थ ऑगस्टमध्येच आले, कल्याणला बँकेत होते. वही काढली आणि विचारलं, "बाई, ज्यात जिल्ह्यात दोनच टीम आहेत असा खेळ कोणता?" मी म्हटलं, "मुलाला काय आवडतं?" ते म्हणाले, "आवडीचं नंतर बघू हो. आधी राज्यपातळीला जायला किती मॅच लागतात ते सांगा." फ्लॅट घ्यावा तसा त्यांनी खेळ निवडला: गर्दी कमी आणि स्टेशन जवळ. मुलाला गुण मिळाले. त्या खेळाचं नाव त्याला आज सांगता येईल असं मला वाटत नाही.

मी हसते आहे, पण हे हसू उसनं आहे, कारण पुढच्या प्रकारात मी स्वतःच आहे.

शेवटच्या काही वर्षांत ॲप आलं. प्रत्येक मुलाची शारीरिक क्षमता मोजायची आणि ॲपवर भरायची. उंची, वजन, पुढे वाकणं, उठाबशा आणि सहाशे मीटर धावायला लागलेला वेळ. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणते. ज्यानं ती काढली त्याच्या डोळ्यांसमोर हिरवं मैदान असणार आणि वर्गात वीस मुलं. आमच्याकडे चौदाशे मुलं होती, एक शिट्टी, एक स्टॉपवॉच आणि साठ मीटरचं अंगण. सहाशे मीटर म्हणजे दहा फेऱ्या. एका वेळी चार मुलं सोडली तरी हिशोब करा, की ते काम कोणत्या सुट्टीपर्यंत चाललं असतं.

मुदत पंधरा दिवसांची होती. मी आणि चित्रकलेचे कामत सर स्टाफरूममध्ये बसलो. चित्रकलेचा तासही आमच्यासारखाच राखीव साठ्यातला, त्यामुळे आम्ही दोघं समदुःखी. मी पटावरचं नाव वाचायचे, कामत सर वेळ सांगायचे, मी भरायचे. उंची-वजन मी अंदाजानं टाकायचे, माझा डोळा त्यात बरा होता. धावण्याची वेळ ठरवणं हे कसबाचं काम. सगळ्यांना सारखी दिली तर ॲप लाल व्हायचं. फार वाईट दिली तर वरून विचारणा, की तुमची मुलं अशी कशी. म्हणून कमी-जास्त, उजवं-डावं करत जायचं. पुढच्या वर्षी मागच्या वेळेतून पाच-सहा सेकंद वजा केले की मुलांची प्रगतीही दिसायची.

पहिल्या वर्षी पाचवी-सहावीचे वर्ग भरताना कामत सर फार पटापट वेळा सांगायला लागले. "कोठावळे, दोन वीस. केळकर, दोन पंचावन्न." मी म्हटलं, "सर, तुम्हाला एवढी मुलं लक्षात कशी?" म्हणाले, "चेहरे नाही हो लक्षात. चित्रं आहेत." आमच्या कामत सरांना मूल आठवायचं ते त्याच्या चित्रावरून. ज्याचा हात चांगला त्याला चांगली वेळ. ज्याचं निसर्गचित्र भिकार तो तीन मिनिटांच्या पुढे. मी पोट धरून हसले. आणि हसत हसत भरत गेले.

सहावीत अथर्व नावाचा एक मुलगा होता. गुबगुबीत, सोज्वळ, जिना चढला की कठड्याला धरून थांबणारा. पण गणपती काढावा तर त्यानं. त्याचं नाव येताच कामत सरांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! एक पन्नास लिहा." मी लिहिलं. त्याच वर्गातली हर्षाली ही खाडीकडच्या गावातली कोळ्याची मुलगी. तिचं नाव आलं तेव्हा सर जरा अडखळले. "हिनं कागद कोराच दिला होता बहुतेक. द्या सहा मिनिटं."

ती सहा मिनिटं मी लिहिली. पुढची दोन वर्षं थोडी थोडी कमी करत चालवलीसुद्धा. आमच्या शाळेला ‘शंभर टक्के चाचणी पूर्ण’ असं प्रशस्तिपत्र मिळालं आणि मला शाल-श्रीफळ. शाल बरी होती.

आता हर्षाली. आठवीला आली तोवर मला ती एकाच कारणानं माहीत होती: रोज उशिरा. तिची आई ठाकुर्लीला स्टेशनबाहेर मासळी विकायला बसायची. सकाळी पाटी बाजारापर्यंत पोचवायला ही आईबरोबर जायची आणि तिथून पळत शाळेत. सात दहाची घंटा व्हायची, मी गेट लावून घ्यायचे आणि सात अकराला ही बाहेर उभी, कपाळाला घाम, हाताला मासळीचा वास. शाळेचा नियम होता, उशीर झाला की अंगणाला पाच फेऱ्या. म्हणजे पाहा, रोज मैदानावर धावण्याचं शासनाचं धोरण आमच्या शाळेत फक्त उशिरा येणाऱ्यांना लागू होतं. वेळेवर येणारी शहाणी मुलं दिवसभर बाकावर बसून रुंद होत होती.

त्या नोव्हेंबरात माझ्या लक्षात आलं, की ही पाच फेऱ्या सांगितल्या तर सहा मारते. पहिल्यांदा वाटलं, मोजता येत नसेल. एक दिवस मी जरा लवकर कोपऱ्यावरच्या दुकानात खडू आणायला गेले तर ही बया चहाच्या टपरीमागे दप्तर पाठीला लावून उभी. घंटा व्हायची वाट बघत होती. घंटा झाली, शिपायानं गेट लावलं, तेव्हा ही निघाली.

मी मागून जाऊन दप्तर धरलं. "काय गं, वेळेवर येऊन इथे लपतेस?"

ती घाबरली. मग खरं बोलली. "बाई, वेळेवर आलं तर फेऱ्या नाय मिळत ना."

मी तीस वर्षांत पुष्कळ मुलांना रागावले आहे. त्या दिवशी रागावले नाही. मी तिला आत नेलं, दहा फेऱ्या धावायला सांगितल्या आणि आयुष्यात फार कमी वेळा केलेली गोष्ट केली: स्टॉपवॉच दाबलं. वळणावर स्कूटर, तळाला फरशी, पायात शाळेचे काळे बूट. घड्याळ बघून मला वाटलं मी एक फेरी जास्त मोजली. पुन्हा धावायला लावणं बरं दिसेना म्हणून दुसऱ्या दिवशी घेतली. तेवढीच आली.

मग मी तिला संध्याकाळी महापालिकेच्या मैदानावर न्यायला लागले. तिथे अर्ध्या मैदानावर कायम कुठला ना कुठला मांडव आणि उरलेल्यावर मधुमेहवाली मंडळी शतपावली करतात, पण सकाळच्या अंगणापेक्षा ते स्वर्ग. जुनी माझी एक वही होती, तीत मी तिच्या वेळा लिहायचे. डिसेंबर संपता संपता ती सहाशे मीटर दोन मिनिटांच्या आत आली, चार सेकंद आत. मातीवर, अनवाणी. मी स्वतः कॉलेजात धावले आहे, मला कळतं याचा अर्थ काय होतो. त्या रात्री मी घरी कुणाशी न भांडता जेवले, असं आमचे हे अजून सांगतात.

जानेवारीत पत्र आलं. शासनाच्या निवासी क्रीडा प्रबोधिनीत मुलं घ्यायची आहेत. राहणं, खाणं, शिक्षण, प्रशिक्षक सगळं तिथेच. वयाची अट चौदाच्या आतली, म्हणजे हर्षालीला हे एकच वर्ष होतं. आणि निवड चाचणीला बोलवायची मुलं ॲपवरच्या नोंदींवरून आधीच काढली होती. यादी सोबत जोडली होती. आमच्या शाळेतून एकच नाव.

अथर्व.

पाटणकर सर पत्र घेऊन स्टाफरूममध्ये नाचतच आले. "बाई, तुमच्या हाताखालून हिरा निघाला!" कामत सरांनी माझ्याकडे बघितलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. ‘डोंबिवलीचा वेगवान तारा’. कुठल्यातरी परदेशी धावपटूचं शरीर, त्यावर अथर्वचं गोंडस डोकं आणि वरच्या पट्टीत सात नेत्यांचे फोटो, प्रत्येक अथर्वपेक्षा मोठा. त्याची आई पेढे घेऊन आली. तिच्या मागे अथर्व उभा होता. आई पुढे गेल्यावर माझ्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, मला पळायला नाही येत. तुम्ही सांगा ना त्यांना. आई माझं ऐकत नाहीये." त्या सगळ्या गोंधळात खरं बोलणारा तो एकटाच माणूस.

सोमवारी मी लोकलनं ठाण्याला जिल्हा क्रीडा कार्यालयात गेले. टेबलावर एक तरुण अधिकारी होता, अदबीनं वागणारा, चहासुद्धा मागवला त्यानं. मी वही दाखवली, हर्षालीच्या वेळा दाखवल्या. त्यानं संगणकावर बघितलं.

"मॅडम, सिस्टीममध्ये तर ही पाच मिनिटं अठ्ठेचाळीस दाखवतेय."

"ते चुकलंय."

"टायपिंग मिस्टेक का?"

"हो म्हणा."

"टायपिंग मिस्टेकची मुदत गेली हो सप्टेंबरात." तो खरंच हळहळला. "आता एकच मार्ग आहे. मूळ चाचणी झालीच नव्हती असं शाळेनं लेखी द्यायचं, मग मी एंट्री उघडून देतो, तुम्ही नवी वेळ भरा. शुक्रवारी संध्याकाळी पाचला यादी बंद होईल. त्याच्या आत कधीही या. पण मॅडम, लेखी दिलंत की ते पत्र वर जाणार, एवढं लक्षात घ्या. प्रशस्तिपत्र वगैरे आहे ना तुमच्या शाळेला?"

सोमवार होता तो. कागद त्याच्याकडे होता, पेन माझ्या पर्समध्ये होतं. तिथल्या तिथे दोन ओळी लिहून देता आल्या असत्या. मी म्हटलं, "मुख्याध्यापकांशी बोलून येते."

पाटणकर सरांनी दार लावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगते. म्हणाले, "मोकाशीबाई, सात महिने राहिलेत तुमचे. गंगेत घोडं न्हायला आलं आणि आता मध्येच काय हे? चौकशी लागली तर फक्त तुमच्यावर नाही, चौदाशे मुलांच्या नोंदींवर लागेल. आणि आपणच केलंय का? कल्याणपासून ठाण्यापर्यंत कुठल्या शाळेत खरंच धावलीत मुलं, सांगा." आजूबाजूच्या सहा शाळांच्या खेळशिक्षकांनी वेळा कशा भरायच्या ते मलाच फोन करून विचारलं होतं. पाच-पाच सेकंद वजा करण्याची युक्ती माझीच होती.

मंगळवारी मी मनाला सांगितलं, पत्र नीट विचार करून लिहावं. बुधवारी लिहिलं आणि पर्समध्ये ठेवलं. गुरुवारी शाळेत पाहुणे होते, हार कुणी आणायचे हा प्रश्न होता. हर्षाली रोज संध्याकाळी मैदानावर यायची आणि विचारायची, "बाई, माझं कधी हाय?" तिला मी तुझं नाव पाठवतेय एवढंच सांगितलं होतं. मी म्हणायचे, "होईल गं." मी भित्री आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. शिट्टी वाजवणाऱ्या माणसाला तसं वाटत नाही.

शुक्रवारी दुपारी मी ते पत्र दिलं. पाटणकर सरांची सही नव्हती, फक्त माझी. ‘सहाशे मीटरची चाचणी प्रत्यक्ष घेण्यात आलेली नाही, वेळा मी अंदाजाने भरल्या आहेत.’ अधिकाऱ्यानं वाचलं, उठून उभा राहिला, पुन्हा बसला आणि शब्दाला जागून नोंद उघडून दिली. साडेतीन वाजले होते. मी हर्षालीची खरी वेळ भरली: एक मिनिट छप्पन्न सेकंद. बटण दाबलं.

पडदा लाल झाला. ‘मागील वर्षाच्या नोंदीशी तुलना करता सुधारणा अशक्य. कृपया तपासा.’

पुन्हा भरली, पुन्हा लाल. त्यानं भरून बघितली, लाल. आता काय झालं होतं ते समजून घ्या. या वर्षीचा खोटा आकडा मी काढला, पण गेल्या वर्षीचा खोटा आकडा तिथे पहारा देत बसला होता आणि खऱ्या आकड्याला आत सोडत नव्हता. त्याच्या मागे त्याच्या मागच्या वर्षीचा. मुलगी वर्षात चार मिनिटांनी सुधारणार नाही एवढी अक्कल त्या यंत्राला होती. माझ्यापेक्षा जास्तच.

"मागची दोन्ही वर्षं उघडावी लागतील," अधिकारी म्हणाला. "ते माझ्या हातात नाही. वरून परवानगी लागते, दोन दिवस तरी जातात. मॅडम..." त्यानं माझ्या पत्राची घडी घातली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तुम्ही सोमवारी दिलं असतं ना..."

पाच वाजता यादी बंद झाली. बंद होताना काही आवाज होत नाही, नुसतं बटण फिकट होतं.

माझ्या पत्राचं मात्र लगेच काम झालं. आठवड्याच्या आत कारणे दाखवा नोटीस घरपोच आली. तीस वर्षांत खात्याचं एवढं चपळ काम मी पहिल्यांदाच पाहिलं. चौकशी झाली, प्रशस्तिपत्र परत घेतलं, मला समज दिली. शेवटी सगळ्या शाळांना परिपत्रक निघालं: वेळा काळजीपूर्वक भराव्यात. अथर्व चाचणीला गेला, आईनं नेलाच. शंभर मीटरनंतर खाली बसला आणि परत येताना तिथल्या प्रशिक्षकाचं चित्र काढून त्यालाच देऊन आला. घरी सुटल्यासारखा हसत होता म्हणे.

हर्षालीला मी सांगितलं, "या वर्षी नाही झालं गं तुझं." एवढंच. तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून मैदानावर आली नाही आणि शाळेत मात्र घंटेच्या आधी हजर. सलग तीन आठवडे. पाटणकर सर प्रार्थनेनंतर माईकवर म्हणाले, "बघा, शिस्त लावली की लागते." मला वाटलं, मुलगी रुसलीय, येईल.

ती आली नाही. मग एका रविवारी मी ठाकुर्लीला गेले. स्टेशनबाहेर तिची आई बसली होती, शेजारी हर्षाली बोंबील साफ करत होती. मला बघून ती उठायला लागली, आईनं हातानं बसवली. मी काही बोलायच्या आत आईच बोलली.

"बाई, मना एक सांगा. ही पोर रोज पहाटेला मना बोलते, आई लवकर चल, उशीर नको. का, तं बोलते, मी उशिरा जायची म्हणून बाईनी माझा नाव कापला. असा हाय का?"

मी तिथेच, मासळीच्या पाटीपुढे, ओट्याच्या कडेला बसले. साडी खराब होईल म्हणून आईनं पुठ्ठा पुढे केला, तो घ्यायचंही सुचलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "तुझं नाव कापलं नाही हर्षाली. तुझी काही चूक नाही. चाचणीसाठी मी तुला कधी धावायला लावलंच नव्हतं आणि तरी वेळ लिहिली होती. तीन वर्षं. खुर्चीवर बसून. म्हणून त्यांना वाटलं तू हळू आहेस. आणि सुधारायला गेले तेव्हा चार दिवस मी घाबरून काढले."

तिला ते पूर्ण कळलं की नाही, मला सांगता येत नाही. रडली नाही. रागावलीही नाही, रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. हातातला बोंबील तसाच धरून तिनं विचारलं,

"किती लिवली होती बाई?"

"सहा मिनिटं."

तिनं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला खरोखरच हसू आलं.

"सहा मिन्टात तं," ती म्हणाली, "माझी आई डोक्यावर पाटी घेऊन जाते."